रियोहाची द्राक्षं, नाशिकची वाइन आणि आमच्या डोंगरावरचा मोह

वर्धा जिल्ह्यात राहून वाइनवर लिहायला बसणं म्हणजे एकादशीच्या दिवशी मटणाच्या रश्श्यावर प्रवचन करण्यासारखं आहे, असं आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचं मत पडलं. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. महात्माजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. पुढे १९७० च्या दशकात त्यांच्या नावाला शोभेल म्हणून आमच्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि आजही कागदावर ती तशीच आहे. 'कागदावर' हा शब्द मी मुद्दाम घातला आहे, जाणकारांना अधिक सांगायला नको.

आमच्या लहानपणी गिरडमध्ये द्राक्षं दिसायची ती फक्त आजारी माणसाच्या उशाशी. कुणी नागपूरहून कागदी पिशवीत पावशेर घेऊन आलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. द्राक्षाशी दुसरा संबंध बाटलीतला. म्हणजे द्राक्षासव! मनुकांचा काढा, गूळ आणि धायटीची फुलं एकत्र करून महिनाभर आंबवत ठेवतात. त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो, तसं बाटलीवर लिहिलेलंही असतं. दारूबंदीच्या जिल्ह्यात ही बाटली औषधाच्या दुकानात राजरोस मिळते आणि आमची आजी दोन चमचे घेऊन रामरक्षा म्हणायला बसत असे. असो.

लेक नाशिकला दिलेली आहे. जावयांना वाइनच्या इतिहासाचा नाद. त्यांच्या कपाटातलं एक इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश जवळ घेऊन महिनाभर वाचत होतो. त्यात स्पेनमधल्या रियोहा प्रदेशाची हकीकत होती. ती वाचताना मला सारखं नाशिक आठवत होतं, आणि नाशिक आठवलं की मागोमाग आमचा गिरडचा डोंगर. हे तिघे एकमेकांना कसे भेटतात ते सांगतो.

रियोहा हा उत्तर स्पेनमधला, एब्रो नदीच्या खोऱ्यातला प्रदेश. तिथे रोमन काळापासून द्राक्षं आहेत, पुढे मठांनी ती जपली. (मराठीच्या मास्तराला मोह आवरत नाही म्हणून सांगतो: स्पॅनिश भाषेच्या अगदी आरंभीच्या लिखित खुणा याच प्रदेशातल्या सान मिय्यान मठाच्या हस्तलिखितांच्या समासात सापडल्या. तिथलाच तेराव्या शतकातला कवी गोन्सालो दे बेर्सेओ आपल्या कवितेची बिदागी म्हणून पेलाभर चांगली वाइन मागतो. त्याच शतकात आमच्या विदर्भात, रिद्धपूरला, म्हाइंभट लीळाचरित्र लिहीत होते. बिदागीचा प्रश्नच नव्हता.) पण इतकी शतकं वाइन करूनही रियोहाचं नाव बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. माल तिथेच व्हायचा आणि जवळपासच संपायचा.

नाव झालं ते एका किड्यामुळे. १८६० च्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षबागा अचानक वाळू लागल्या. अमेरिकेतून आलेली, फायलॉक्सेरा नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी ऊ मुळांना लागत होती. बागाच्या बागा गेल्या. बोर्दोच्या व्यापाऱ्यांना माल हवा होता. ते पिरेनीज ओलांडून रियोहात उतरले. बरोबर त्यांची पद्धत आली, २२५ लिटरची ओकची पिंपं आली. मार्केस दे मुर्रिएता आणि मार्केस दे रिस्काल या दोघा सरदारांनी १८५० च्या दशकातच बोर्दोची रीत इथे सुरू केली होती, त्यांना आता साथ मिळाली. १८६० च्या दशकात आरो गावाला रेल्वे आली आणि वाइनची मोठमोठी घराणी त्या स्टेशनाला खेटून उभी राहिली. आजही तो भाग 'स्टेशनचा मोहल्ला' म्हणूनच ओळखला जातो. १८८२ साली फ्रान्स आणि स्पेनमध्ये व्यापारी करार झाला, जकात उतरली, आणि रियोहात पैसा वाहू लागला.

पुढचं वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. दहा वर्षांनी, १८९२ साली, कराराची मुदत संपली. तोवर फ्रान्सने उपाय शोधला होता. उवेला न जुमानणाऱ्या अमेरिकन रानवेलीच्या मुळावर आपल्या जातीचं कलम करायचं. फ्रेंच बागा सावरल्या, जकात पुन्हा चढली, रियोहाचं गिऱ्हाईक गेलं. आणि शतक संपता संपता ती ऊ रियोहातही पोचली. ज्या शेतकऱ्यांनी तेजीच्या भरात गव्हाची जमीन वेलीखाली घातली होती, त्यांच्या हाती वाळलेली खोडं राहिली. पुन्हा उभं राहायला त्यांना बराच काळ लागला. १९२५ साली रियोहा या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. अमुक हद्दीत, अमुक जातीची द्राक्षं, पिंपात इतके दिवस, बाटलीत इतके दिवस, तरच त्या बाटलीवर हे नाव. १९९१ साली स्पेनमधला सर्वांत वरचा दर्जा पहिल्यांदा या प्रदेशाला दिला गेला. 'ग्रान रेसेर्वा' लिहिलेली तांबडी वाइन पाच वर्षं जुनी असावीच लागते, त्यातली किमान दोन पिंपात.

म्हणजे माती होती, वेल होती, करणारे हात होते. ते सगळं हजार-दीड हजार वर्षं तिथेच होतं. प्रदेश म्हणून तो उभा राहिला तो रेल्वे, जकात आणि कायद्याने. आणि मोडला तोही जकातीनेच. आम्ही भूगोल शिकवताना 'हवामान व मृदा' एवढंच लिहून घ्यायचो. त्या यादीत जकात नसायची.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातलं द्राक्ष काही कालपरवाचं नाही. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता देवगिरी-दौलताबादला आला होता. इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, याचं त्याला नवल वाटलं. त्याने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. स्पेनमध्ये हिवाळ्यात वेल पानं गाळून झोपतो, वसंतात जागा होतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. आपल्याकडे वेलीला झोप नाही. बागाईतदार तिला दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिने काडी तयार होते. मग ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तिने घड लागतात. (खरड आणि गोडी! शेतकऱ्याइतकं नेमकं मराठी आमच्या परिभाषा कोशांनाही कधी जमलं नाही.) फळ दुसऱ्या छाटणीचंच घ्यायचं, ते जानेवारी ते मार्चमध्ये तोडायला येतं. जगातल्या बहुतेक वाइन-प्रदेशांत वेल निजलेली असते तेव्हा नाशिकला हंगाम चालू असतो.

नाशिकच्या खाण्याच्या द्राक्षांचा आरंभ १९२५ साली ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांच्या बागेपासून धरतात. योगायोग बघा, रियोहाला कायदा मिळाला ते हेच साल. पुढे भोकरी गेली, थॉमसन सीडलेस आली. सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी त्यातून 'सोनाका' निवडली. हे सगळे शेतकरी संशोधक, एकेकाचं चरित्र लिहावं असं. पाण्याची ओढ आणि खारट जमीन सोसेना तेव्हा आपल्या बागाईतदारांनी वेल 'डॉगरिज' या खुंटावर बांधायला सुरुवात केली. हा खुंटही अमेरिकन रानवेलीचाच. रियोहाला ज्या घराण्याच्या मुळांनी वाचवलं, त्याच घराण्याची मुळं आज निफाड-दिंडोरीच्या मातीत आहेत.

वाइनचे पहिले प्रयोग १९८० च्या दशकातले. पिंपळगाव बसवंतला सहकारातून 'पिंपेन' नावाची फसफसणारी वाइन निघाली. चांगली होती म्हणतात, पण विकणार कोण? सहकाराला साखर विकता येत होती, शँपेन विकण्याची सवय नव्हती. पुणे जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने 'ओमर खय्याम' काढली, ती परदेशातही गेली. मग राजीव सामंत. अमेरिकेत शिकून, तिथली संगणक कंपनीतली नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळच्या घरच्या वीस एकरांवर आले. आधी आंबे, मग खाण्याची द्राक्षं करून पाहिली. १९९७ च्या सुमारास वाइनच्या जाती लावल्या आणि २००० साली पहिली बाटली बाजारात आणली. आई सुलभाताईंच्या नावावरून 'सुला'.

आणि २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. महाराष्ट्रातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्क दहा वर्षं माफ. नाशिकजवळ विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क. परदेशी वाइनवर केंद्राची जबर आयात जकात होतीच. झालं, १८८२ चा रियोहा इथे अवतरला. सातआठ वर्षांत वाइनऱ्यांचं पेव फुटलं. शेतकऱ्यांनी खाण्याची द्राक्षं काढून काबर्ने, शिराझ, शेनां ब्लां लावली. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं असतं. ते बाजारात कुणी खायला घेत नाही, म्हणजे वाइनरीने नाही घेतलं तर ते शेतातच राहणार.

तसंच झालं. २००८ ची जागतिक मंदी, त्यात नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली, टाक्यांत वाइन पडून राहिली. २००९-१० मध्ये अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटल्या किंवा त्यांच्यावर पुन्हा खाण्याच्या जातीचं कलम बांधलं. नारायणगावची ती नामांकित कंपनीही त्याच सुमारास कर्जात बुडाली. दुसरीकडे नेमकं याच काळात 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मिळत होतं आणि वेली उपटल्या जात होत्या! पुढे मोठे टिकले, लहानांतले बरेच गेले. सुला तर २०२२ च्या डिसेंबरात शेअर बाजारात पोचली.

मी नाशिकची वाइनरी पाहिली ती २०१४ साली. वर्ध्याहून सेवाग्राम एक्स्प्रेसने गेलो. गांधीजींच्या आश्रमाचं नाव असलेल्या गाडीने वाइन बघायला जाणारा मी पहिला नसेन, पण गाडीत बसल्यावर तोंडावर हसू आलं खरं. जावयांनी सगळं फिरवून दाखवलं. स्टीलच्या उंच टाक्या, बाहेरून बर्फासारख्या गार, कारण आंबताना रस तापतो आणि तापला की वास जातो. पिंपांच्या खोलीतला अंधार, लाकडाचा दरवळ. शेवटी पेल्यात थोडी ओतून दिली. मी घोटभर घेतली. मला ती कोकम सरबतात कुणी गूळ घालायचा विसरावा तशी लागली. आमच्या सौभाग्यवतींनी वास घेऊन निकाल दिला, "द्राक्षासव बरं."

मला त्या दिवसातलं लक्षात राहिलं ते वेगळंच. बागेत तोडणी चालू होती. तोडणाऱ्या बायका पेठ-सुरगाण्याकडच्या, आदिवासी. सावलीत बसून भाकरी खात होत्या. मास्तराच्या सवयीने मी एकीला विचारलं, हंगाम संपल्यावर काय करता? ती म्हणाली, "गावी जातो. तवर मोह पडाया लागतो ना."

परतीच्या गाडीत मी त्याच वाक्याशी झटत होतो.

वाचकांपैकी ज्यांनी गिरड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. समुद्रपूर तालुक्यातलं आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगरावर ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा, सर्व धर्मांची माणसं तिथे येतात. डोंगरावर नारळा-सुपारीसारखे गोल दगड सापडतात. दोन फिरस्त्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली तेव्हा त्यांच्या मालाचे दगड झाले, अशी कथा आहे. क्षमा मागितल्यावर बाबांनी वाळलेल्या पाल्यापासून त्यांना नवा माल करून दिला, असंही कथेत पुढे आहे, पण लोक तो भाग सांगायचा विसरतात. भूगर्भशास्त्राच्या भाषेत हे लाव्हाच्या पोकळीत तयार झालेले झिओलाइट. काळा कातळ तोच, जो नाशिकच्या बागांखाली आहे. नाशिकची उंची, तिथल्या थंड रात्री, धरणांचं पाणी आणि मुंबईची जवळीक आम्हाला नाही हे कबूल. आमच्या उन्हात द्राक्षाची वेल भाजून निघेल. पण या उन्हात जे झाड आनंदाने उभं राहतं, ते मोहाचं.

फाल्गुन-चैत्रात पहाटेपासून फुलं गळायला लागतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून ठेवलेला असतो. बाया-पोरं टोपल्या घेऊन जातात. अंगणात वाळत घातलेली फुलं दोनतीन दिवसांत तपकिरी होतात, अगदी मनुकांसारखी दिसतात. साखर त्यांच्यातही भरपूर. दुष्काळात, विशेषतः १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या, मध्य प्रांतातल्या कितीतरी लोकांनी याच फुलांवर दिवस काढले. भिजवून, आंबवून, मडक्यातून वाफ काढून त्याची दारूही होते. गोंडांच्या देवाला, जन्माला, मरणाला ती लागते. म्हणजे जुनी रीत आहे, विशिष्ट जागेचं फळ आहे, पिढ्यांचं कसब आहे. रियोहापाशी १८६० पूर्वी जे होतं ते सगळं.

फक्त कायदा उलटा आला. इंग्रजांच्या काळात दारूवरचा कर हा मुंबई सरकारचा मोठा आधार होता. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर गाळण्याचे मक्ते दिले गेले. ठाणे-कुलाब्यात लोक घरीच मोहाची गाळतात, मग मक्तेदाराची कोण घेणार? म्हणून १८९२ साली थेट फुलांवरच कायदा केला. उरणला मोहाचीच दारू मोठ्या भट्ट्यांत गाळून मुंबईला जात होती, ती चालली. घरची गुन्हा ठरली. यात नीतीचा प्रश्न नव्हता, वसुलीचा होता. स्वातंत्र्यानंतर सरकार बदललं, हेतू बदलला, पण फुलावरची नजर गेली नाही. मोहफुलं किती बाळगायची, कुठे न्यायची यावर निर्बंध राहिले. ते शिथिल व्हायला २०२१ साल उजाडावं लागलं. दरम्यान गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, मध्य प्रदेशाने अलीकडे मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून मान्यता दिली.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मास्तर मोहाच्या भट्टीची वकिली करायला निघाले. तसं नाही. १९८० च्या दशकात माझ्या वर्गात एक मुलगी होती. मार्च महिन्यात तिच्या हातांना मोहाचा गोडसर उग्र वास यायचा. पहाटे वेचून मग शाळेत. त्या फुलांच्या पैशांत तिची वही-पेन्सिल येई. पावसाळ्यात बापाने तिची पुस्तकं विकली, ती रक्कम त्याच फुलांच्या दारूत गेली. दारूबंदी तेव्हाही होती. मी तिच्या आईला म्हटलं, ही झाडंच नसती तर बरं झालं असतं. ती माउली म्हणाली, "झाडाले काऊन दोष देता गुरुजी? मोह नसता तं ते पुस्तक घेतलं असतं कशानं?"

त्यामुळे २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि वाइन म्हणजे दारू नव्हे, हा शेतकऱ्याच्या हिताचा प्रश्न आहे असं सांगितलं जाऊ लागलं, तेव्हा मला दोन्ही बाजू हलक्या वाटल्या. दारूबंदीच्या जिल्ह्यांना त्या निर्णयातून वगळलं होतंच. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, हरकती मागवल्या गेल्या, निर्णय अमलात आला नाही. पण त्या सगळ्या गदारोळात 'शेतकरी' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे द्राक्षाचा मांडवच होता. टोपलीवाली बाई कुणालाच दिसली नाही. ती शेतकरी नाही, तिच्या नावावर झाडही नाही. वाइनमध्ये मद्यार्क साधारण बारा-तेरा टक्के आणि मोहाची ऊर्ध्वपातित, म्हणून जास्त कडक, हा फरक खराच आहे, तो मी नाकारत नाही. पण मोहाचं फूल हे दारू नव्हे, इतका साधा फरक करायला आपल्याला सव्वाशे वर्षं लागली.

माझं मत विचाराल तर आमच्या जिल्ह्यात दारूचं दुकान नको. त्या मुलीचा चेहरा आठवला की बंदी उठवा म्हणायला जीभ रेटत नाही, मग ती बंदी कितीही फाटकी असो. पण फूल वेचणाऱ्या बाईला भाव मिळावा. ते साठवायला गावात कोठार असावं, चैत्रात व्यापाऱ्याला मातीमोल देऊन तेच पावसाळ्यात महाग विकत घ्यायची वेळ येऊ नये. मोहाचे लाडू, पाक, लोणचं होतं. जावई म्हणतात, मामा, लाडवांनी प्रदेशाचं नाव होत नसतं. असेल. यंदा आमच्या डोंगराखाली फुलं लवकर पडायला लागली आहेत. उद्या पहाटे तब्येत साथ देईल तर जाऊन बघणार आहे, भावही विचारून येतो.